तेलाचं पाणी

वालूर,
ज्येष्ठ वद्य ५, शके १८६३

तीर्थरूप दादांस,
वालूरच्या भट्टीतून धाकट्या चंद्रभानचा दंडवत.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालावंसं वाटलं तर घाला, पण आधी वाचा. काम अडलं आहे म्हणून लिहितो आहे. अडलं नसतं तर लिहिलं नसतं, हेही खरं.

आधी घरचं सांगतो. पौषात बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकच शब्द उरला आहे : पाणी. दिवसातून दहादा म्हणतात. मनकर्णा, म्हणजे माझी बायको, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तांब्या घेऊन धावते आणि बाबा डाव्या हाताने तांब्या लोटून देतात. ती बिचारी पदराने जमीन पुसते, की पुन्हा 'पाणी'. वैद्य म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला आहे. मला तसं वाटत नाही. नजर अजून पहिल्यासारखीच आहे, माझं काम चुकलं की लगेच कपाळाला आठी पडते.

आता काम. देशमुखांच्या दिनकररावांना शिकारीची सुरी हवी आहे. वीतभर पातं, सांबरशिंगाची मूठ आणि मुठीवर चांदीचा वाघ. हैदराबादेत कुणा साहेबाच्या कमरेला पाहिली म्हणे, तेव्हापासून झोप नाही. आजवर त्यांनी डुकरं आणि हरणंच मारली आहेत, वाघ पाहिला तो सर्कशीत, पण ते त्यांना कोण सांगणार? मला म्हणाले, "दसऱ्याला कमरंला लावायचीय. तुझ्या बाच्या, आश्रुबाच्या भट्टीचं पाणी पाहिजे बघ, चंद्रभान. जमत नसंल तर आत्ताच सांग, हैदराबादहून मागवतो."

जमतं म्हणालो. दादा, आश्रुबाच्या भट्टीचं पाणी माझ्याजवळ नाही, ते तुमच्याजवळ आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी मी करतो, लोक नावं ठेवत नाहीत. पण भारी पोलादाचं काम निघालं की बाबा मला म्हणायचे, "जा रं, कोळसा घेऊन ये." मी कोळसा घेऊन येईपर्यंत पातं पाणी पिऊन तयार असायचं आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत असायचात. मी डावरा. डाव्या हाताने पाणी द्यायचं नसतं, असं बाबांचं म्हणणं. तुम्ही गेल्यावर तरी मला शिकवतील असं वाटलं होतं. त्यांनी भारी कामच घेणं सोडलं.

मोटारीच्या चाकावरच्या जुन्या कमानीच्या पोलादाची दोन पाती केली. पहिलं आडाच्या पाण्यात बुडवलं, ते तडकलं. मग मला आठवलं, बाबा दरवर्षी गंगाखेडला जाऊन गोदागंगेची घागर आणायचे. म्हटलं, हेच ते गुपित. दोन दिवस मोडून गंगाखेडला गेलो, घागर डोक्यावरून आणली, गाडीवानाला हात लावू दिला नाही. पातं लाल केलं, बुडवलं, आणि टिच्च. बाबा दारात बाजेवर होते. त्यांनी तो आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यांच्या डोळ्यांदेखत या भट्टीत एक तरी पातं माझ्या हातून नीट उतरावं, एवढंच मागणं आहे. पाणी कुठलं ते कळवा. तुमच्या पूर्ण्याच्या लोकोशेडात टाकाऊ कमानीचा तुकडा मिळत असेल तर तोही पाठवा. सुरी जमली नाही तर दिनकरराव चार माणसांत सांगतील, ते सोसेन. बाबांची पाठ मला बघवत नाही.

मागच्या पत्राबद्दल, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या, मी आज काही लिहीत नाही.

चंद्रभान


वालूर,
आषाढ शुद्ध १२

दादा,

तुझं कार्ड आलं. पहिलाच शब्द 'गाढवा'. खरं सांगतो, तीनदा वाचला. मला गाढव म्हणणारं इथे कुणी उरलेलं नाही, बाबांना बोलता येत नाही आणि मनकर्णा मनातल्या मनात म्हणते. म्हणून या पत्रात मी 'तुम्ही' सोडून दिलं आहे. गाढवाने कशाला एवढं अदबीनं बोलायचं?

तू सांगितलेल्या गार्ड साहेबांनी सेलूच्या स्टेशनवर गोणपाटात गुंडाळलेली कमान दिली. मालगाडीची, सहा बोटं रुंद, आणि वर स्टोअरकीपरची चिठ्ठी, टाकाऊ माल म्हणून, शिक्क्यासकट. ही लढाई सुरू झाल्यापासून खिळा मिळायची मारामार आहे. तू कुणाकुणाच्या पाया पडला असशील ते मी ओळखतो. सेलूपासून वालूरपर्यंत ती मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडीवान म्हणाला, "लेकरू हाय का काय?"

आणि तुझी ती ओळ : 'कमानीला तेलाचं पाणी. पाणी म्हणजे पाणी न्हाई.'

मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर लोहाराच्या घरात राहिलो, 'पाणी देणे' म्हणजे धार कडक करणे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी पाणी म्हटलं की घागर घेऊन निघालो. साध्या लोखंडाला पाण्याचं पाणी, पोलादाला तेलाचं पाणी. एवढीशी गोष्ट. गंगाखेडची घागर बाबा देवासाठी आणत होते रे. मी देवाच्या पाण्यात पातं फोडलं.

तू लिहिलंस तसंच केलं. करडईचं तेल, घाण्यावरचं, कोमट केलेलं. पातं पिकल्या बोराच्या रंगावर आणलं, पांढरट होऊ दिलं नाही. उजव्या हातात सांडशी धरली, तर पकड बसेना. मग म्हटलं, दादाने हाताचं काही लिहिलेलं नाही. डाव्या हाताने धरलं आणि धारेकडून सरळ तेलात उतरवलं. भडका उठला, भुवया गेल्या, मनकर्णा ओरडली. पण टिच्च झालं नाही. नुसतं चुर्र झालं आणि मग सगळं शांत.

कानस लावली तर ती घसरली, धरेच ना. मग ठिसूळपणा जावा म्हणून तापल्या विटेवर ठेवून गव्हाच्या काडीचा रंग येईपर्यंत बसलो. बाबांच्या हातात दिलं. मग त्यांच्या खुणेने मी ते त्यांच्या कानाजवळ धरलं आणि त्यांनी डाव्या हाताच्या नखाने टिचकी मारली. केवढा वेळ वाजत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दाराबाहेर, सेलूच्या वाटेकडे पाहिलं. त्यांना कळलं, दादा. हे पाणी कुणाचं आहे ते त्यांना कळलं.

तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. कमलवहिनींना आणि मुलींना माझा नमस्कार सांग.

चंद्रभान


वालूर,
श्रावण वद्य ३

दादा,

चांदीच्या कामाची गंमत ऐक. इथे चांदीचं नाजूक काम करणारा एकच माणूस, विरुपाक्षप्पा. गळ्यातल्या इष्टलिंगासाठी चांदीच्या डब्या करतो, नंदी करतो. मी मूठ घेऊन गेलो तर त्याने हातच मागे घेतला. "देवाच्या डब्या करतो मी ह्या हातानं. आमी मांसाला शिवत न्हाई. जीव घ्यायच्या हत्याराला हात लावू व्हय?"

मी चार दिवस रोज जाऊन नुसता ओट्यावर बसायचो. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "मूठ करतो. पात्याला बोट लावणार न्हाई. मूठ माणसाच्या हातात असती, पातं जनावराच्या अंगात जातं. माझी चांदी माणसाच्या बाजूला ऱ्हाऊ दे."

मग मी पातं घरी ठेवून नुसती मूठ त्याच्याकडे दिली. शिंगात चर कोरून त्यात चांदीची तार तो हलकेच ठोकून बसवतो. एक वेल कोरली आहे, बघत राहावी अशी. पात्याची नुसती पाठ तापल्या लोखंडावर मऊ करून तिच्यावर मी त्याच वेलीची नक्षी छिन्नीने उतरवली, म्हणजे दोन्हीकडची वेल मूठ आणि पातं सांधणाऱ्या पितळेच्या कडीपाशी येऊन मिळते. पण वाघ! विरुपाक्षप्पाने जन्मात वाघ काढलेला नाही, त्याच्या हाताला नंदीच ठाऊक. पट्टे आहेत, मिशा आहेत, आणि तोंड नंदीचं. पाय दुमडून बसला आहे, आत्ता कुणीतरी येऊन शिंगांमधून दर्शन घेईल अशा बेताने. मी हसलो तर तो चिडला. "पोट भरलेला वाघ हाय तो," म्हणाला.

दिनकररावांना हेच सांगायचं ठरवलं आहे.

तू कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंस, 'बाबा माझं नाव काढतात का?' दादा, त्यांना पाणी याशिवाय शब्दच येत नाही हे लिहिलं होतं ना. आधीचं विचारत असशील, तर तेव्हा काढत होते. दर दसऱ्याला विचारायचे, "पूर्ण्याचं काय आलंय का?" मी नाही म्हणायचो, कारण येत नव्हतं.

ते जुनं पत्र मी घाईत लिहिलं होतं. ऐकण्यात चूक झाली असेल. लहान होतो.

म्यान तयार होत आलं आहे. तू पाठवलेल्या कमानीचा चार बोटं तुकडा उरला आहे, तो मी जपून ठेवला आहे.

चंद्रभान


वालूर,
भाद्रपद वद्य ९

दादा,

तुझं पाकीट काल आलं. बंद पाकीट, म्हणजे कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं. तू लिहितोस, 'बाबाला बघायला जीव तुटतो. पण ज्यानं माझ्या नावानं पाणी सोडलं, त्याच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू? मला मेलेला समजून अकरा वर्षं झाली.'

आज पितृपक्षातली अविधवा नवमी. सकाळी नदीवर जाऊन आईच्या नावाने पाणी दिलं. ओंजळीतलं पाणी खाली पडताना तुझी ओळ आठवली आणि मला तिथेच पाण्यात बसावं लागलं. लोकांना वाटलं, चक्कर आली.

मागच्या पत्रात लहान होतो असं लिहिलं. एकोणीस वर्षांचा होतो. घाईत लिहिलं असं लिहिलं. रात्रंदिवस विचार करून लिहिलं होतं. ऐकण्यातही चूक नव्हती. आता खरं लिहितो.

तू घण टाकून पूर्ण्याला गेलास. बाबा तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मला बोलावलं, कारण घरात लिहायला येणारा मीच. म्हणाले, "लिही लिंबाजीला. जा म्हणावं खुशाल. मी पाणी दिलंय त्याला. कुठंबी गेला तरी वाकणार न्हाई, तुटणार न्हाई. जमंल तवा येऊन जा म्हणावं."

मी लिहिलं, 'बाबांनी तुझ्या नावाने पाणी सोडले आहे. इकडे फिरकू नकोस.'

शब्द एकच होता, दादा. मला फार बदलावं लागलं नाही. 'दिलंय'चं 'सोडलंय' केलं. पत्र बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी सांगितलं तसंच वाचलं. ते मान हलवत होते.

का केलं? मला तुझी जागा हवी होती. तू गेलास तर बाबा मला आत घेतील, कोळसा आणायला पाठवणार नाहीत, असं वाटलं. तू परत आलास तर मी पुन्हा कोळसेवाला. म्हणून तुला दारातच बंद केलं. मिळालं मला काय? अकरा वर्षं बाबा माझ्याशेजारी बसून तुझी वाट बघत होते. तू रागावला आहेस असं त्यांना वाटायचं, त्यांनी सोडलं असं तुला वाटायचं, आणि मधे मी विळे करत बसलो होतो.

आणि आता लक्षात येतं, पौषापासून बाबा तो एकच शब्द का धरून बसले आहेत. तांब्या का लोटून देतात. ते पाणी मागत नाहीत रे. ते तेच वाक्य पुरं करायला बघतात.

तुला हे आधीच लिहायला हवं होतं. पण तू कमान पाठवलीस, गुपित सांगितलंस, मला गाढव म्हणालास. ते सगळं बंद होईल या भीतीने पुढे ढकललं. तू दिलेलं खाऊन मी तुझ्यापासूनच लपवत होतो. आता तू काहीही कर. कार्ड पाठवू नकोस, तोंड बघू नकोस, मी हूं की चूं करणार नाही. फक्त बाबांसाठी ये. खंडेनवमीला सुरी भट्टीपुढे पुजून दुसऱ्या दिवशी दिनकररावांना द्यायची आहे. त्याआधी ती एकदा तुझ्या हाताने बाबांच्या हातात पडावी. तू आलास तर मी घरात थांबणार नाही, मनकर्णाच्या माहेरी जाऊन राहीन.

काही झालं तरी तू मला या भाद्रपदापर्यंत जे दिलंस त्याबद्दल माझे हात जोडलेलेच आहेत.

चंद्रभान


वालूर,
आश्विन वद्य २

दादा,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. मुलींना बत्तासे आवडले हे वाचून मनकर्णा खूश आहे.

तू पाहिलंस ते पुन्हा लिहीत नाही. न पाहिलेलं लिहितो. माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मी मनाची तयारी केली होती. खंडेनवमीला सकाळी ऐरण, घण, भाता सगळं धुऊन, झेंडूची फुलं वाहून बसलो होतो. दारात गाडी थांबली. तू खाली उतरलास आणि मी भात्यामागे लपलो. तीस वर्षांचा बाप्या, भात्यामागे! तू थोबाडीत मारशील असं वाटलं होतं. तू आत आलास, नुसता म्हणालास, "पातं दाव." मी दाखवलं. तू नखाने टिचकी मारलीस, ऐकलंस, आणि म्हणालास, "डाव्या हातानं दिलंस ना? बरोबर बसलंय." एवढंच. दादा, एखादी थोबाडीत परवडली असती.

तू सुरी घेऊन बाबांच्या बाजेशी बसलास. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, तुझा दंड धरला आणि म्हणाले, "पाणी." त्या दिवशी तांब्या घेऊन कुणी धावलं नाही. तुझी पाठ माझ्याकडे होती, ती हलताना दिसली. मी बाहेर जाऊन बैलाला वैरण टाकली. तुझ्या गाडीवानानं आधीच टाकलेली होती.

दिनकररावांचं तू निघाल्यावर कळलं. सुरी लावून ते सीमोल्लंघनाला गेले, चार लोकांनी विचारलं, हा बैल कशाला काढला? ते म्हणाले, "बैल न्हवं, पोट भरलेला वाघ हाय." म्हणजे पटलेलं दिसतं. विरुपाक्षप्पा हे ऐकून दिवसभर मिशीत हसत होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. सेलूच्या स्टेशनवर तू खिडकीतून म्हणालास, "बाबाला सांगू नगंस. झालं ते झालं. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं." मी मान डोलावली. तू माझ्या पदरात एवढं मोठं दान टाकलंस आणि वर झाकूनही घेतलंस. असा भाऊ मिळायला मी काय केलं होतं, ते माझं मलाच माहीत नाही.

पण दादा, मी सांगितलं. तुझं ऐकलं नाही. तुला खोटं लिहिल्याचं तू माफ केलंस, पण वाचून दाखवताना मी खोटं वाचलं ते त्यांना. परवा सकाळी त्यांच्या बाजेशी बसून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, काय सांगितलं होतं आणि काय लिहिलं. त्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवसभर वळले नाहीत. जेवले नाहीत. मनकर्णा मला म्हणाली, "काय गरज व्हती?"

काल सकाळी मी भट्टी पेटवली. तू पाठवलेल्या कमानीचा तो चार बोटं तुकडा होता ना, त्याची छोटी सुरी करायला घेतली, मनकर्णासाठी, भाजी चिरायला. तेल तापवलं, पातं रंगावर आणलं आणि डाव्या हाताने उतरवलं. मागे वळून पाहिलं तर बाबा कुशीवर वळून बघत होते. कधीपासून बघत होते कुणास ठाऊक. त्यांनी बोटाने बोलावलं. मी गेलो, पातं दाखवायला पुढे केलं. त्यांनी पातं घेतलं नाही. माझं डावं मनगट धरलं, घट्ट, अजून केवढी ताकद आहे त्या हातात, आणि म्हणाले, "पाणी."

मनकर्णा सवयीने तांब्या घेऊन धावत आली. मी म्हणालो, त्यांना प्यायचं नाही. ती तशीच उभी राहिली. बाबा मनगट सोडेनात. शेवटी उजव्या हाताने तांब्या घेऊन तो मीच प्यालो.

तुझा डावरा,
चंद्रभान